शिडांचे पुनरागमन आणि ऊसपट्ट्याचा हिशेब

कोऱ्हाळे बुद्रुक (ता. बारामती) : नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या या ऊसपट्ट्यातून समुद्र दिसत नाही. तरीही कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारातील ऊस सोमेश्वर किंवा माळेगावच्या काट्यावर गेला, त्याची साखर झाली आणि तिला निर्यातीची परवानगी मिळाली, की तिचा दर ठरविण्यात जहाजाच्या भाड्याचा वाटा येतोच. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील द्राक्षे व डाळिंबे तर थेट न्हावा शेवा बंदराचीच वाट धरतात. म्हणूनच महाकाय मालवाहू जहाजांना पुन्हा शिडे चढू लागल्याची घटना केवळ नौकानयनाच्या शौकिनांपुरती मर्यादित राहत नाही. जहाजाचे इंधन, त्यावर बसू लागलेला कार्बनचा कर आणि त्या दोहोंचा भार शेवटी कोणाच्या माथी जाणार, हा प्रश्न या मातीतलाही आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये 'पिक्सिस ओशन' नावाचे सुमारे ८१ हजार टन क्षमतेचे जहाज चीनमधून ब्राझीलकडे निघाले. मालकी जपानच्या मित्सुबिशी समूहाची, भाडेकरू धान्यव्यापारातील बलाढ्य कारगिल कंपनी. या जहाजाच्या डेकवर साडेसदतीस मीटर उंचीचे, पोलाद आणि काचतंतूंचे दोन उभे पंख बसविलेले होते. उंचीच सांगायची तर दहा-बारा मजली इमारतीएवढी. ब्रिटनच्या बार टेक्नॉलॉजीज या कंपनीने शर्यतीच्या नौकांच्या अनुभवातून ते घडविले. सहा महिन्यांच्या सफरीनंतर मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचले आणि वारा उत्तम मिळाला त्या दिवशी ही बचत ११ टनांवर गेली. एक टन जड इंधन जळाले की सुमारे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे सरासरीच्या दिवशीही ९ टनांहून अधिक उत्सर्जन टळले.

हे उदाहरण एकटे नाही. जपानच्या मित्सुई ओएसके लाइन्सचे 'शोफू मारू' हे कोळसावाहू जहाज ऑक्टोबर २०२२ पासून एका घडीच्या कठीण शिडासह धावते आहे. ब्राझीलचे लोहखनिज वाहणाऱ्या 'सोहार मॅक्स' या चार लाख टनी जहाजावर २०२४ मध्ये पाच फिरते स्तंभ उभारण्यात आले. युरोपच्या एरियन ६ अग्निबाणाचे भाग फ्रेंच गयानाला नेणारे 'कानोपे' हे जहाज तर मुळातच चार शिडांसह बांधलेले आहे. अर्थात, जगात एक लाखाहून अधिक व्यापारी जहाजे आहेत आणि त्यांतील शिडाची जहाजे हजारात एकाच्या आसपास भरतील. क्रांती वगैरे शब्द वापरण्याची वेळ अजून आलेली नाही.

फिरकी गोलंदाजाचे शास्त्र

जुन्या शिडात वारा भरायचा आणि तो जहाजाला ढकलायचा, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात चांगले शीड विमानाच्या पंखासारखे काम करते. त्याच्या एका बाजूने हवा वेगाने जाते, दाब कमी होतो आणि जहाज त्या बाजूला ओढले जाते. त्यामुळे वारा पाठीमागून असण्यापेक्षा बाजूने असणे अधिक लाभदायक. 'पिक्सिस ओशन'चे पंख याच तत्त्वावर चालतात. संगणक वाऱ्याची दिशा पाहून त्यांचा कोन बदलतो आणि बंदर जवळ आले की ते डेकवर आडवे केले जातात. खलाशांनी दोर ओढण्याचा प्रश्नच नाही.

दुसरा प्रकार फिरत्या स्तंभाचा, म्हणजे रोटरचा. गोलंदाजाने फिरकी दिलेला चेंडू हवेत वळतो, त्यामागचेच हे तत्त्व आहे. विजेच्या छोट्या मोटारीने उंच नळकांडे गरगर फिरवायचे, त्यावर बाजूचा वारा आला की काटकोनात जोर निर्माण होतो. जर्मन अभियंता अँटोन फ्लेटनर याने १९२४ मध्ये 'बुकाउ' या जहाजावर असे दोन स्तंभ बसविले. १९२६ मध्ये तेच जहाज 'बाडेन-बाडेन' या नावाने अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचले. जगभर कौतुक झाले आणि पुढे काहीच झाले नाही, कारण तेल स्वस्त होते. १९८० मध्ये, तेलाच्या दुसऱ्या भडक्यानंतर जपानने 'शिन आइतोकू मारू' या छोट्या तेलवाहू जहाजाला कठीण शिडे लावली. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि तोही प्रयोग मागे पडला. पतंगासारखे शीड नाकाडाला बांधून २००८ मध्ये निघालेल्या 'बेलुगा स्कायसेल्स' या जहाजाच्या मालक कंपनीचे २०११ मध्ये दिवाळे निघाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की वाऱ्याचे तंत्र कधीच फसलेले नाही. फसला तो दर वेळी जमाखर्च. तेल महागले की शीड आठवायचे आणि स्वस्त झाले की उतरवायचे, हे शंभर वर्षे चालले आहे. या वेळी फरक पडलाच तर तो कार्बनवरील नियमांमुळे पडेल.

नियमांचा वारा कोणत्या दिशेने?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जुलै २०२३ मध्ये जहाज उद्योगाचे निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर आणण्याचे ध्येय स्वीकारले. जगाच्या एकूण उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. युरोपीय महासंघ मात्र ध्येयावर थांबला नाही. जानेवारी २०२४ पासून त्याने जहाजांना आपल्या कार्बन बाजारात ओढले. युरोपातील बंदर आणि बाहेरचे बंदर यांमधील प्रवासाच्या निम्म्या उत्सर्जनासाठी जहाज कंपनीला परवाने विकत घ्यावे लागतात. हा भार टप्प्याटप्प्याने लागू झाला. २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण १०० टक्के. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या युरोपच्या सागरी इंधन नियमात तर वाऱ्याचे साहाय्य घेणाऱ्या जहाजाला पाच टक्क्यांपर्यंत गुणांची सवलत आहे.

जहाज कंपन्यांनी हा खर्च स्वतःच्या खिशातून भरावा, अशी अपेक्षा कोणी ठेवली असेल तर ती भाबडी ठरली. मोठ्या कंटेनर कंपन्यांनी २०२४ च्या प्रारंभापासूनच 'उत्सर्जन अधिभार' या नावाने तो भाडेपावतीत दाखविण्यास सुरुवात केली. न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला जाणाऱ्या द्राक्षांच्या कंटेनरवरही तो आला. निर्यातदार तो बागायतदाराला देऊ केलेल्या दरातून वळता करणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

जगव्यापी कराचे घोडे मात्र अडले आहे. एप्रिल २०२५ मध्ये सागरी संघटनेने उत्सर्जनावर दर आकारणारी चौकट मंजुरीच्या उंबरठ्यावर आणली. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला ती अंतिमतः स्वीकारली जायची होती. अमेरिकेने उघड विरोध केला आणि निर्णय एक वर्ष पुढे ढकलण्याचा ठराव ५७ विरुद्ध ४९ मतांनी संमत झाला. शिडांमध्ये पैसा घालू पाहणाऱ्या जहाजमालकाच्या दृष्टीने ही अनिश्चितता तेलाच्या भावाइतकीच घातक आहे. पंख बसवायला काही आठवडे लागतात, त्याची किंमत वसूल व्हायला वर्षे लागतात. तोवर नियम टिकतील की नाही, याची हमी कोण देणार?

किलोमागे साडेतीन पैसे

आता ऊसपट्ट्याचा हिशेब. 'पिक्सिस ओशन'एवढे जहाज पूर्ण साखरेने भरले, असे घटकाभर धरू. (साखरेची जहाजे सहसा याहून लहान असतात, पण हिशेबाला सोपे पडते.) वीस दिवसांचा प्रवास आणि दिवसाला ३ टन बचत, म्हणजे ६० टन इंधन वाचले. टनाला ५५० डॉलर आणि डॉलरला ८५ रुपये धरल्यास ही बचत सुमारे २८ लाख रुपयांची होते. ८० हजार टन साखरेवर ती वाटली, तर टनामागे ३५ रुपये आणि किलोमागे साडेतीन पैसे. शीडवाल्या जहाजामुळे उसाला चार पैसे जास्त मिळतील, असे कोणी सभेत सांगू लागले तर हा आकडा ध्यानात ठेवावा.

साखरेचे भवितव्य ठरविणारे वारे मुळात दिल्लीहून वाहतात. २०२१-२२ च्या हंगामात देशातून ११० लाख टनांच्या आसपास विक्रमी साखर बाहेर गेली. त्यानंतर निर्बंध आले. २०२३-२४ मध्ये निर्यात जवळपास बंद राहिली, जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी १५ लाख टनांना परवानगी मिळाली. या चढउतारांपुढे साडेतीन पैशांची काय कथा!

तेच गणित जहाजाच्या बाजूने मांडले, की चित्र पालटते. वर्षातील अडीचशे दिवस जहाज समुद्रात धरले, तर एका जहाजामागे साडेतीन कोटी रुपयांचे इंधन वाचते. कार्बन परवान्यांचा खर्च वाचतो तो वेगळा. जहाजाचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे. पण येथे एक जुनी अडचण आडवी येते. दीर्घ भाडेकरारात इंधनाचा खर्च भाडेकरू करतो आणि जहाजात सुधारणा मालकाने करावयाची असते. खर्च एकाचा, लाभ दुसऱ्याचा. घरमालकाने सौरबंब बसवायचा आणि वीजबिल भाडेकरूचे कमी व्हायचे, त्यातलाच हा प्रकार. 'पिक्सिस ओशन'ची मोट बांधली गेली, कारण मालक, भाडेकरू आणि युरोपीय महासंघाचा प्रकल्पनिधी असे तिघे एकत्र आले. प्रत्येक जहाजाच्या नशिबी असा योग नसतो.

द्राक्षांना वारा लागत नाही

बारामती-इंदापूरच्या बागायतदारांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शिडे शोभतात ती मोकळ्या डेकच्या जहाजांना : धान्य, साखर, कोळसा, खनिज वा तेल वाहणाऱ्यांना. कंटेनर जहाजाचा डेक डब्यांच्या उतरंडींनी भरलेला असतो. तेथे पंख उभारायला जागा नाही आणि उभारले तर बंदरावरील क्रेनना अडथळा. शिवाय ही जहाजे वेगाने धावतात. जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेगवान जहाजाच्या एकूण गरजेत वाऱ्याचा वाटा नगण्य होतो. काही कंटेनर जहाजांच्या नाकाडावर वारा कापणारी ढाल बसविली गेली आहे, पण ती वाऱ्याचा विरोध कमी करते, त्याची शक्ती वापरत नाही.

म्हणजे विसंगती अशी, की युरोपचा कार्बन अधिभार द्राक्षांवर बसतो आणि त्यावरचा वाऱ्याचा उपाय मात्र साखरेच्या, कोळशाच्या जहाजाला लागू पडतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर २०२४ च्या द्राक्ष हंगामात कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले. प्रवास लांबला, इंधन वाढले, त्यामुळे उत्सर्जनही वाढले. बागायतदाराने त्यात काहीही चूक केलेली नव्हती.

नारळी पौर्णिमेचे गणित

अरबी समुद्राचा वारा ही या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. युरोपीय कंपन्यांचे बहुतेक हिशेब उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकच्या वाऱ्यांवर बेतलेले असतात. आपल्याकडे मात्र वर्षातून दोनदा दिशा बदलणारा मोसमी वारा आहे. जून ते सप्टेंबर तो नैर्ऋत्येकडून जोराने येतो आणि हिवाळ्यात ईशान्येकडून मंदपणे वाहतो. सोपारा, कल्याण आणि चौलचा प्राचीन व्यापार याच वेळापत्रकावर चालला. कोकणातील गलबते, मचवे आणि फत्तेमाऱ्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटल्या जात. लाकडी नौकेला जो वारा झेपत नसे, तोच आजच्या दोनशे मीटर लांबीच्या पोलादी जहाजाला उपयोगी पडू शकतो.

उपयोगी पडेल की नाही, हे मार्गावर अवलंबून आहे. पावसाळ्यात मुंबईहून एडनच्या दिशेने निघालेल्या जहाजाला वारा जवळजवळ तोंडावर लागतो. तेथे शिडे मिटलेलीच बरी. परतीच्या वाटेवर तो पाठीशी असतो. पूर्व आफ्रिकेच्या मोम्बासाकडे जातानाही पावसाळ्यात वारा तोंडावर, हिवाळ्यात पाठीवर. सर्वांत अनुकूल वाट आहे ती होर्मुझच्या सामुद्रधुनीपासून मुंबईपर्यंतची. ही वाट वायव्येकडून आग्नेयेकडे येते आणि नैर्ऋत्य वारा तिला थेट बाजूने छेदतो. येताना आणि जाताना, दोन्ही खेपांत तो कामाला येतो. याच वाटेने आखातातील तेल मुंबई बंदराच्या जवाहर द्वीपाकडे येत आले आहे. मोकळ्या डेकची जहाजे, बेताचा वेग आणि बाजूचा वारा, असा मेळ जगात फार ठिकाणी जुळत नाही. भारतीय ध्वजाच्या तेलवाहू जहाजांवर पहिला प्रयोग करावयाचा तर तो या वाटेवर व्हावा, हे तर्कशुद्ध आहे. त्यासाठी नौवहन महामंडळाचे मुख्यालय आणि नौवहन महासंचालनालय ही दोन्ही कार्यालये मुंबईतच आहेत.

वालचंदांच्या तालुक्यात

या भागाचा आणि जहाजांचा संबंध अगदीच ओढूनताणून आणलेला नाही. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंदनगर वसविणारे वालचंद हिराचंद हेच सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. या कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांच्या भाडेयुद्धाला तोंड देत त्यांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. तेथील 'जलउषा' हे जहाज मार्च १९४८ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. साखर आणि जहाज हे दोन्ही उद्योग एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र नांदत होते.

त्यानंतरची वाट उताराची ठरली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे सांगितल्यानुसार पन्नास वर्षांपूर्वी देशाचा ४० टक्के व्यापार भारतीय जहाजांतून होत असे, आता तो ५ टक्क्यांवर आला आहे आणि विदेशी कंपन्यांना दरवर्षी सुमारे ७५ अब्ज डॉलर भाडे जाते. त्याच महिन्यात केंद्राने जहाजबांधणीसाठी ६९ हजार ७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ज्याची जहाजे, तोच त्यांवर काय बसवायचे ते ठरवितो. भाड्याच्या जहाजाने माल धाडणाऱ्याला शिडाचा लाभ मागता येत नाही, अधिभार तेवढा भरता येतो.

पुणे जिल्ह्याकडे या तंत्रासाठी लागणाऱ्या कौशल्यांची कमतरता नाही. पवनचक्क्यांची पाती बनविणाऱ्या सुझलॉनचे मुख्यालय पुण्यात आहे. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पात्यांची देखभाल करणारी एक पिढी तयार झाली आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत भारत फोर्जचा कारखाना आहे आणि वालचंदनगरच्या कारखान्याने नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्स घडविले आहेत. काचतंतूंचा पंख, पोलादी स्तंभ, त्याचे बेअरिंग आणि फिरविणारी मोटार यांपैकी कोणतीही वस्तू येथील अभियंत्याला अपरिचित नाही. जगातील शिडांचा बराचसा भाग आज चीनच्या गोद्यांत बसविला जातो. तेथे जहाजे दुरुस्तीला येतात, म्हणून शिडेही तेथेच चढतात. भारताला ही मागणी वळवायची असेल, तर आधी दुरुस्तीच्या गोद्या वाढवाव्या लागतील. पंख घडविणे त्यामानाने सोपे.

गोव्यात आणि कारवारात वेगळ्याच प्रकारची शिडे फडकत आहेत. दिवाड बेटावरील गोदीत रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. काथ्याने शिवलेली 'कौंडिण्य' ही नौका मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात सामील झाली. या सफरींचे कौतुक योग्यच आहे, पण त्यातून व्यापारी जहाजाचे इंधन वाचत नाही. त्याचा उपयोग झालाच तर तो माणसांच्या बाबतीत होईल. वाऱ्याची दिशा पाहून मार्ग आखणे ही कला इंजिनाच्या शंभर वर्षांत व्यापारी खलाशी विसरला. जगातील खलाशांत भारतीयांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांत कोकणातील तरुणांची परंपरा जुनी. मुंबई व नवी मुंबईतील सागरी प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात शिडाच्या जहाजाची हाताळणी, जोराच्या वाऱ्यात जहाज कलणे आणि पंखांमुळे पुलावरून न दिसणारा समुद्राचा भाग या गोष्टी यायला हव्यात. हे शिक्षण मिळालेला अधिकारी अशा जहाजांवर आधी घेतला जाईल. साडेतीन पैशांच्या बचतीपेक्षा या नोकऱ्यांचा लाभ महाराष्ट्राला लवकर दिसू शकतो.

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. प्रकल्पाचा खर्च ७६ हजार २२० कोटी रुपये आहे. स्थानिक मच्छीमारांचा विरोध आणि पर्यावरणाचे प्रश्न हा स्वतंत्र विषय आहे. येथे प्रश्न एवढाच, की सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोलीच्या या बंदरात पुढील पन्नास वर्षे जी जहाजे लागणार, त्यांच्या डेकवर चाळीस मीटर उंचीचे स्तंभ असतील हे गृहीत धरून सुट्या मालाच्या धक्क्यावरील क्रेनची पोच आणि उंची ठरविली जाणार आहे काय. धक्का एकदा बांधून झाल्यावर तो बदलता येत नाही.